तांत्रिक अडचण

आमच्या समाजाच्या वेबसाइटवर बायको वारलेल्या पुरुषाला जागा होती, नवरा वारलेल्या बाईला नव्हती. साइट मीच सांभाळत होते आणि तरी हे मला दोन वर्षं दिसलं नाही. दुसऱ्यांना नावं ठेवायच्या आधी एवढं कबूल करून टाकते, म्हणजे पुढं मोकळेपणानं भांडता येईल.

साताऱ्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. उत्पन्नाचे दाखले, भरतीचे अर्ज, नोव्हेंबर आला की माजी सैनिकांचे हयातीचे दाखले. दिवसभर लोकांची नावं-गावं टाइप करायची आणि सर्व्हरची वाट बघायची. समाजाची वधू-वर वेबसाइट आमच्यातल्याच एका इंजिनिअरनं बनवून दिली होती. तो परदेशी गेला तेव्हा पासवर्ड कुणाकडं ठेवायचा यावर कार्यकारिणीत चर्चा झाली आणि 'त्या फॉर्म भरतात की' म्हणून तो माझ्याकडं आला. एसटीत रोज बसते म्हणून तिला ड्रायव्हर करावं, तसला प्रकार. पण मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायची सवय मला उशिरा लागली.

शिकले पडत-झडत. प्लगिन म्हणजे काय ते मला ट्रॅक्टरवरून समजलं. ट्रॅक्टर एकच, मागं नांगर जोडा, रोटाव्हेटर जोडा, ट्रॉली जोडा. तसं साइटला एक प्लगिन फॉर्मचं, एक फोटोंचं, एक स्थळांची जुळणी करणारं. दोघांचं आपसात पटलं नाही की सगळंच अडतं. आणि कॅशे म्हणजे थर्मास. येईल त्या पाहुण्याला नवा चहा टाकत बसलं तर घरातली बाई मरेल, म्हणून एकदाच करायचा, भरून ठेवायचा आणि तोच ओतत राहायचा. साइटचं पानही असंच एकदा बनवून ठेवलेलं असतं. आटपाडी-जतकडच्या गावांत रेंज रडतखडत येते, तिथल्या लोकांना पान चटकन उघडावं म्हणून मी थर्मास मोठा ठेवला होता, आठ दिवसांचा. मागाहून भांड्यात आलं ठेचून घातलं तरी थर्मासातला चहा पिणाऱ्याला ते लागत नाही. थर्मास रिकामा करून नव्यानं भरावा लागतो, त्यासाठी एक बटण असतं.

आता धाकटीचं सांगते. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. दीर चार वर्षांपूर्वी गेला. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. दहाव्याला एक चुलत सासू तिच्याकडं बघून 'पांढऱ्या पायाची' म्हणाली. ते मी ऐकलं, तिनंही ऐकलं. मी गप्प बसले, याची मला अजून लाज वाटते. धाकटी मात्र दोन महिन्यांत कुपवाडला गेली, एका कारखान्यात पंपाचे सुटे भाग तपासून खोक्यात भरायचं काम धरलं, खोली घेतली, स्कूटर शिकली. सासूबाई आमच्याकडं साताऱ्याला राहतात. त्या तिला दर सणाला शेंगाचटणीचा डबा पाठवतात, पण तिच्याबद्दल बोलत नाहीत.

एका रविवारी मी कुपवाडला गेले होते. ती वांगी चिरत होती. वर न बघताच म्हणाली, "आक्का, त्या सायटीवर माझं नाव घालता का?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि मी विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"तुमास्नीच. चोरून न्हाई करायचं मला. पन लय झालं आता एकटीनं जेवायचं."

मी मोबाइल काढला, फॉर्म उघडला. नाव, वय, शिक्षण, नोकरी. मग आलं 'वैवाहिक स्थिती'. तिथं तीनच पर्याय होते. अविवाहित. घटस्फोटित. विधुर.

धाकटीनं वाकून बघितलं आणि खळखळून हसली. "विधुर टाका की. कोन बघतंय?"

मला हसू आलं नाही, कारण तो 'विधुर' मीच तिथं घातला होता. दोन वर्षांपूर्वी आमच्या अध्यक्षांचा फोन आला होता. अध्यक्ष म्हणजे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, उंब्रजला हायवेला लागून घर असलेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांची पत्नी वारली होती आणि त्यांना स्वतःचं नाव नोंदवायचं होतं. "ताई, आमच्यासारख्यांसाठी बी एक खाना पायजे," असं ते म्हणाले. मी पाच मिनिटांत खाना केला. त्यांच्या अपेक्षाही मीच टाइप केल्या: वधू अविवाहित, गोरी, वय तीस ते पस्तीस. ते स्वतः अठ्ठावन्नचे. तेव्हा मनात हसले होते, पण त्या खान्याचा जोड तिथं नाही हे डोक्यात आलं नाही. फॉर्ममध्ये जो खाना नसतो त्या माणसाला कुणी हाकलून लावत नाही, त्याला नुसतं पुढच्या पानावर जाता येत नाही. हे मी दुकानात रोज बघते. घरच्याच माणसाचं मात्र बघितलं नव्हतं.

त्याच दिवशी तिच्या खोलीत बसून मी 'विधवा' हा चौथा पर्याय घातला. माझ्या मोबाइलवर दिसला, तिच्या मोबाइलवर दिसेना. थर्मास, मला आठवलं. बटण दाबून कॅशे साफ केलं. मग तिथंही दिसला. तिनं अर्ज भरला आणि मी संध्याकाळच्या गाडीनं साताऱ्याला आले. परत शिळं पान दिसायला नको म्हणून सोमवारपासून रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं ते बटण दाबायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिचा फोन. "आक्का, ते गेलं की."

गेलं होतं. पर्याय नाही आणि तिचा अर्ज 'प्रलंबित'मध्ये पडलेला. मी परत घातला. सकाळी परत गायब. चार दिवस हेच चाललं. कुपवाडहून ती 'दिसलं' म्हणायची, दुसऱ्या दिवशी 'गेलं' म्हणायची, आणि इकडं गिऱ्हाईक 'ताई, माझा फॉर्म' करत उभं. मला वाटलं फॉर्मचं प्लगिन आपोआप अपडेट होतंय आणि माझा बदल पुसतंय. मग वाटलं, त्याचं आणि कॅशेवाल्याचं जमत नाही. सुभेदारसाहेबांकडंही दुसरा पासवर्ड होता, म्हणून त्यांना फोन करून विचारलं की तुम्ही काही हलवलंय का.

"मी कशाला हात लावतोय त्येला? काय तरी तांत्रिक अडचण आसंल. तुमी टेन्शन घेऊ नका."

तांत्रिक अडचण हा शब्द मला पाठ आहे. बँकेपासून तहसीलपर्यंत प्रत्येक खिडकीनं तो मला ऐकवलाय आणि मीही तो गिऱ्हाइकांना ऐकवलाय. या शब्दात कुणाचीच चूक नसते, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. मीही विश्वास ठेवला. वर स्वतःलाच बोल लावला, की आपल्याला नीट येत नाही.

बिघाड शोधायची रीत एकच असते. सगळी प्लगिनं बंद करायची आणि एकेक चालू करत बघायचं. घरात फ्यूज उडाला की आपण एकेक बटण लावून बघतो, तसंच. मी एका दुपारी ते करायला बसले आणि तिसऱ्याच प्लगिनला अख्खी साइट पांढरी पडली. नुसतं कोरं पान. अर्ध्या तासात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोंब. 'साइट पांढरी पडली', 'कुणी हात लावला?', आणि एका सदस्यांचं 'बायकांच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय होणार' आणि खाली चार अंगठे. सुभेदारसाहेबांनी समजुतीनं लिहिलं, 'तांत्रिक अडचणीमुळे नोंदणी बंद आहे. सहकार्य करावे.'

ते 'पांढरी' वाचून मला दहाव्याचा दिवस आठवला आणि डोकं फिरलं. त्या दिवशी मी गप्प बसले होते. आता बसायचं नाही असं ठरवलं आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून दोन तासांत साइट उभी केली. वर आणखी एक प्लगिन जोडलं, नोंद ठेवणारं. कोण, कधी आला, त्यानं काय बदललं, हे सगळं ते लिहून ठेवतं. मला बिघडलेलं प्लगिन पकडायचं होतं. माणूस पकडायचा विचारही मनात नव्हता.

पर्याय रोज परत घालत राहिले आणि तीन दिवसांनी नोंद उघडली. पहाटे पाच वाजून बारा मिनिटं: 'विधवा' पर्याय काढला. दुसरा दिवस, पाच वाजून दहा मिनिटं. तिसरा दिवस, पाच चौदा. प्रत्येक ओळीपुढं एकच नाव, अध्यक्षांचं. पहाटे बिगुलाच्या वेळेला उठायची सवय फौज सुटली तरी सुटत नाही. चहा, दाढी, आणि त्यानंतर माझ्या जावेचा खाना पुसणं.

कसलंच प्लगिन बिघडलेलं नव्हतं. कॅशेही शहाण्यासारखं चाललं होतं. मी आठ दिवस यंत्राला शिव्या दिल्या आणि ते बिचारं निमूट ऐकत होतं.

त्या नोंदीची प्रिंट काढत होते तेव्हा सासूबाई दुकानात बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं. "कसली आडचन हाय गं?" त्यांनी विचारलं. मी सांगायचं टाळलं, मग सगळंच सांगून टाकलं. त्यांच्याच मुलाच्या बायकोचं दुसरं लग्न, आणि ते मी त्यांच्या मागं करत होते. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, ताट वाढलं तर जेवल्या आणि उठल्या. मला वाटलं, हे घर आता गेलं हातचं.

रविवारी उंब्रजला कार्यकारिणीची मीटिंग होती. सातारकर आणि सांगलीकर दोघांना मधलं पडतं म्हणून मीटिंग उंब्रजला घेतात. मधलं कसं ते सांगलीकरांना विचारा. मी निघाले तर सासूबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून दारात उभ्या. "मीबी येती." एसटीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. का येताय हे विचारायची भीती वाटत होती.

मीटिंग सुभेदारसाहेबांच्याच हॉलमध्ये होती. दहा-बारा पुरुष, मी आणि सासूबाई. हजेरी झाली, साइटचा विषय निघाला, 'तांत्रिक अडचण' हे दोन शब्द निघाले, आणि मी प्रिंट टेबलावर ठेवली.

"सुभेदारसाहेब, ही अडचण रोज पहाटे पाच वाजता उठते आणि तुमच्या पासवर्डनं येते."

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. त्यांच्या बाजूनं एवढं सांगते की दुसऱ्यांदा ते खोटं बोलले नाहीत.

"मीच काढतोय," ते म्हणाले. "आवं ताई, माझं पर्सनल काय न्हाई. पन साइट समाजाची हाय. पोरींचे बाप बघत्यात. असलं दिसलं तर म्हनतील, ह्यांच्यात हे चालतंय. आपली पोरं आता क्लास वन झाल्यात. समाज पुढं गेलाय."

"आणि विधुर चालतो?"

"त्येचं येगळं."

"काय वेगळं ते सांगा."

"रीत हाय ती," ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. "रीत मोडून चालत न्हाई."

"कंची रीत रं?"

आवाज मागून आला. सासूबाई खुर्चीवर बसल्या नव्हत्या, भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. तिथूनच बोलल्या.

"तुजा आजा आन् माजा बाप एकाच वाड्यावर मेंढरं राखायचं. दरसाल कोकनात उतरायचं. माज्या आईचा पयला दाल्ला तिकडंच पान लागून गेला. वरीस व्हायच्या आत पंचांनी तिचा पाट लावला माज्या बापासंगं. पंचांत तुजा आजा व्हता. म्या पाटाची लेक हाय. तुज्या लगनाची हळद कुनी दळली, आठीवतंय? तवा न्हाई आडवी आली तुजी रीत?"

वाडा म्हणजे मेंढरांसोबत हलणारा तळ, दाल्ला म्हणजे नवरा, आणि पान लागणं म्हणजे साप चावणं. रानात सापाचं नाव घेत नाहीत. आणि पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. वाजंत्री नाही, वरात नाही, चार वडीलधारी आणि नवं लुगडं. मेंढरांमागं फिरणाऱ्या आमच्या माणसांत तो सर्रास लागायचा, कारण बाईला आणि मेंढरांना एकटं सोडून कुणाचंच भागत नव्हतं. मी हा शब्द त्या दिवशी कित्येक वर्षांनी ऐकला. आमची घरं पक्की झाली, फरशा आल्या, लेकरं शिकली, आणि पुढं जाता जाता हा शब्द आम्ही मागं टाकून आलो. ज्याला सुभेदारसाहेब रीत म्हणत होते ती आमची नव्हतीच. ती आम्ही शेजाऱ्यांकडून उसनी आणली होती, बरं दिसावं म्हणून.

सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि आवाज खाली आणला.

"माजा ल्योक गेला. तिनं का म्हनून जावं त्येच्या मागं?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, की ही बाई चार वर्षं हे पोटात घेऊन बसली आणि आम्ही कुणी तिला विचारलं नाही. मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, मोबाइल काढला. 'विधवा' पर्याय घातला. धाकटीची नोंद मंजूर केली. संपर्कासाठी माझ्या दुकानाचा नंबर दिला. आणि कॅशे साफ केलं, म्हणजे जुना चहा ओतून थर्मास नव्यानं काठोकाठ भरला.

"हे बसत न्हाई नियमात," कुणीतरी म्हणालं. विषय पुढच्या मीटिंगला घ्यायचं ठरलं. मग पोहे आले. सासूबाईंनी ते मागून घेऊन खाल्ले.

सोमवारी सकाळी माझा पासवर्ड चालेना. तो बदलला होता. ग्रुपवर निरोप होता की साइटची जबाबदारी यापुढं अध्यक्ष स्वतः बघतील, ताईंनी आजवर केलेल्या कामाबद्दल आभार. अपेक्षितच होतं. पर्यायही काढला असणार, धाकटीची नोंदही पुसली असणार. पाच वाजून दहा मिनिटांनी, दुसरं काय. मी हताश होऊन दुकानातल्या मोबाइलवर साइट उघडली.

धाकटी तिथं होती. फोटोत तिच्या स्कूटरशेजारी उभी, खाली 'विधवा, कुपवाड, नोकरी'. शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मोबाइलवर बघितलं, तिथंही होती. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबांनी भांड्यातला चहा ओतून टाकला होता. थर्मास त्यांना माहीतच नव्हता, आणि रोज सकाळी तो रिकामा करणाऱ्या माझाच पासवर्ड त्यांनी बंद केला होता.

दुपारपासून फोन सुरू झाले. पहिला आटपाडीकडच्या एका वडलांचा. "बाई, तितं इधवा पोरीचं बी चालतंय म्हनं? आमची सव्वीसची हाय. दोन वर्सं झाली, दार लावून बसतीया." मग एका भावाचा. मग एका बाईचा, ती स्वतःच बोलत होती आणि मधेच कुणी आलं की 'व्हय, साखर दोन किलो' म्हणत होती. साइट हातात नव्हती, म्हणून मी सगळ्यांची माहिती वहीत लिहून घेतली आणि प्रत्येकाला पुढच्या मीटिंगची तारीख आणि सुभेदारसाहेबांचा पत्ता दिला. सहा दिवसांत सात नावं झाली.

एक स्थळही आलं. मिरजेकडचा, बायको वारलेला, चार म्हशी असलेला. धाकटी त्याला सांगलीत एका हॉटेलात भेटली, त्याच्यासोबत मिसळ खाल्ली आणि नाही म्हणून आली. "लय तोऱ्यात बोलतंय, आक्का. माझी स्कूटर बंद करायची म्हनतंय." मला वाईट वाटायला हवं होतं. पण तिचा आवाज इतका आनंदी होता, की मीही हसत सुटले. चार वर्षांत नियतीपासून चुलत सासूपर्यंत सगळे तिला नाही म्हणत आले होते. आता कुणाला तरी ती नाही म्हणाली. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं केलं. म्हशी काय, कुनाकडं बी आसत्यात."

पुढच्या मीटिंगला किती माणसं आली आणि हॉलमध्ये खुर्च्या कशा पुरल्या नाहीत, ते सांगत बसत नाही. चौथा खाना आज साइटवर आहे. धाकटी अजून बघतेच आहे, घाई नाही म्हणते. पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो सहाव्या दिवशीचा फोन. दुकानात गर्दी होती. उंब्रजचा नंबर बघून मी गिऱ्हाइकाला थांबवलं.

"ताई," सुभेदारसाहेबांचा आवाज जरा पडलेला होता. "ते नाव मी काढलंय. खाना बी काढलाय. रोज आत जाऊन बघतोय, तितं न्हाईच. तरी सगळ्यास्नी दिसतंयच. मला सारखे फोन यायलेत. काय करायचं?"

वरती उजव्या कोपऱ्यात एक बटण असतं. एकदा दाबलं की संपलं. त्यांच्या आणि त्या बटणाच्या मधे फक्त माझं तोंड होतं.

"काय सांगू साहेब," मी म्हटलं, "काहीतरी तांत्रिक अडचण असेल. तुम्ही टेन्शन घेऊ नका."